रेश्माचा कौल

केशवापूर, हुबळी
गुरुवार, दुपार

प्रिय अर्चना,

केशवापुरातून कमरीपेठेत पत्र पाठवणारी मी पहिलीच असेन. बसनं वीस मिनिटं, ऑटोवाल्यानं हुज्जत घातली नाही तर दहा. फोन तर उशाशीच असतो. पण फोनवर तू मध्येच ‘हो अक्का, खरंय अक्का’ म्हणतेस आणि माझं बोलणं तुझ्या त्या गोडव्यात विरघळून जातं. म्हणून लिहायला बसले. वाण्याच्या वहीतली मागची कोरी पानं आहेत, कडा कुरतडल्यासारख्या दिसतील, चालवून घे. मॅट्रिकच्या परीक्षेनंतर एवढं लांब मी काही लिहिलेलं नाही. दुकानातल्या पोराच्या हाती आजच पाठवतेय. एकच सांगून ठेवते. शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत हे पत्र तू शेवटपर्यंत वाचलेलं असायला हवं. शनिवारी पाचला गोकुळ रोडच्या त्या ट्रेनिंग सेंटरची यादी बंद होते. तुम्ही तो विषय सोडून दिलात, तुझ्या रेश्मानंही सोडला असं म्हणतेस. मला सोडवेना झालाय.

आधी इकडची खबर देते. ह्यांचे गुडघे आहेत तसेच. सकाळी दुकानात जातात, दुपारी येऊन वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपतात. काट्याचे तराजू आता कुणी मागत नाही, सगळ्यांना बॅटरीवरचे हवेत, आणि ते बिघडले की दुरुस्त करायचे नसतात म्हणे, टाकून नवे घ्यायचे. म्हणजे विकणारे आम्ही कसेबसे तरलो आणि दुरुस्त करणारे प्रशांतभाऊजी हात बांधून बसले. वाटणीचा दिवस तुला आठवतो ना? मामंजींनी दुकान थोरल्याला दिलं, हत्यारं धाकट्याला दिली. देव थोरल्याकडेच राहायचे, म्हणून अंबाबाईही आमच्याबरोबर केशवापुरात आली. तू कानशींची आणि हातोड्यांची ती पेटी हातगाडीवर चढवत होतीस आणि मी दारात उभी राहून मनात म्हणत होते, बरं झालं, चांगलं ते सगळं आपल्या वाट्याला आलं. त्या पेटीबरोबर घरातून काय गेलं ते मला ह्या महिन्यात कळलं.

अर्चना, तू आलीस त्या दिवसापासून मी तुझ्यावर जळत आलेय. लिहिताना हात थांबला होता, पण लिहिलं एकदाचं. मी चार वर्षं ज्या घरात पाय जपून टाकत होते, तिथं तू चार दिवसांत सासूबाईंच्या खाटेवर बसून त्यांच्या केसांना तेल लावत होतीस. माझ्या भाकरीला त्यांनी कधी चांगलं म्हटलं नाही, वाईटही म्हटलं नाही, खाल्ली आणि ताट सरकवलं. तुझी पहिली भाकरी करपली, तर तूच आधी हसलीस आणि त्या म्हणाल्या, असू दे गं, करपलेली पचायला बरी. करपलेली पचायला बरी! सव्वीस वर्षं झाली, ते वाक्य मला अजून पचलेलं नाही. तू केलगेरीच्या मास्तरांची मुलगी, बी. ए. झालेली, शेजारच्या बायकांशी कानडीत अशी बोलायचीस की त्या आपलं घरचं दुखणं तुझ्यापाशी उकलायच्या. माझंही कानडी काही वाईट नाही. पण माझ्याशी त्या भाजीचा भावच बोलायच्या. तू मुद्दाम काही केलं नाहीस, हेच तर जास्त लागायचं. मुद्दाम केलं असतंस तर भांडता तरी आलं असतं.

एकच गोष्ट सासूबाईंनी माझ्या हातात दिली आणि तुझ्या दिली नाही, ती म्हणजे कौल. देवळात गुरव कौल लावतो तेव्हा चारचौघं बघत असतात. आपल्या घरची रीत वेगळी. थोरल्या सुनेनं आंघोळ करून ओल्या केसांनी देवघरात एकटीनं बसायचं, दार लोटून घ्यायचं, पाण्यात बुडवलेली एकेक कळी अंबाबाईच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवायची, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. दुसऱ्या कुणी डोकवायचं नाही, सावली पडली तर कौल बाटतो. बाहेर येऊन ती सांगेल तेच देवीचं उत्तर. तुझं लग्न ठरवतानाही कळ्या मीच लावल्या होत्या. तुझा फोटो पाटावर ठेवला होता, फार छान दिसत होतीस त्यात, आणि डावी पडावी असं माझ्या मनात एकदा येऊन गेलं. पण उजवी पडली आणि मी बाहेर येऊन उजवीच सांगितली.

माझ्या मयूरच्या वेळी मात्र देवीनं मला फार बसवलं. इंजिनिअरिंगला घालावं की न घालावं, एवढाच प्रश्न होता. दोन तास मी मांडी मोडली नाही. पाय लाकडासारखे झाले, उन्हाची तिरीप खिडकीतून जमिनीवर आली, तेव्हा कुठं उजवी कळी गळाली. मी रडले होते आनंदानं. पुढं काय झालं ते तुला ठाऊक आहे. दोन वर्षं गेली, सात विषय राहिले, आणि एक दिवस तो दप्तर घेऊन आला ते परत गेलाच नाही. गेलं दीड वर्ष तो आतल्या खोलीत फोनकडे बघत पडलेला असतो. जेवायला हाक मारली की येतो, चव विचारली की मान हलवतो. मी देवीला कधी विचारलं नाही, की उजवी देऊन हे काय दिलंस. पण पूजा करताना रोज मनात ते असायचंच. सोमवार, शुक्रवार, चतुर्थी, एक उपास मी चुकवला नाही. आणि तू? तू संकष्टीला सकाळी चुकून चहाबरोबर खारी खाल्लीस आणि दुपारी मला फोन करून हसत सांगितलंस.

सेंटरची जाहिरात मी शोधली होती, हे विसरू नकोस. वाण्याकडून शेंगदाणे आले त्या कागदावर होती. दोन वर्षांचं शिक्षण, यंत्रावर लोखंडाचे सुटे भाग करायचं, शिकताशिकताच कारखान्यात काम, आणि तिथून निघालेली मुलं हातोहात उचलली जातात. मी तो कागद मयूरसमोर ठेवला, तीन दिवस ठेवला. शेवटी तो येतो म्हणाला. अर्ज कानडीतून भरायचा होता, मयूरला कानडी लिहायचा कंटाळा, म्हणून मी तुला फोन केला आणि तू म्हणालीस, रेश्माला पाठवते, ती भरून देईल. ती अर्ज भरायला आली होती, अर्चना. सेंटरमधल्या बाईंनी तिला विचारलं, तुझी प्यूसी, बारावी झालीय का, मग तूही भर की एक. तिनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, भर बाई, कागदच तर आहे. माझ्या तोंडानं म्हटलं मी.

परीक्षा अशी होती की मला वाटलं चेष्टा करताहेत. कागद नाही, पेन नाही. प्रत्येकाला साबणाच्या वडीएवढा लोखंडाचा तुकडा आणि एक कानस दिली. टेबलाला जखडलेल्या लोखंडी पकडीत तुकडा आवळायचा आणि दोन तासांत त्याची एक बाजू सपाट करायची. आम्हा पालकांना काचेच्या पलीकडे बाकावर बसवलं होतं. मयूरनं पहिल्या दहा मिनिटांत एवढा जोर लावला की शर्ट भिजला. तो जातानाही दाबत होता, येतानाही दाबत होता. रेश्मा कानस जाताना दाबायची आणि येताना अलगद उचलून घ्यायची, पुढं झुकायची, मागं यायची, जणू घरात जात्यावर बसलीय. मध्येच थांबून बोटाच्या पेरानं तुकडा चाचपायची. प्रशांतभाऊजी तराजूची दांडी घासताना असंच करायचे. मला वाटायचं, पोरगी बापाजवळ नुसती खेळत बसते. ती शिकत होती आणि कुणाला, तिला स्वतःलाही, ते माहीत नव्हतं.

दोन तासांनी तिथले महादेव सर आले. हातात लोखंडी गुण्या होता. प्रत्येकाचा तुकडा उचलायचे, गुण्या त्याच्यावर टेकवायचे आणि खिडकीच्या उजेडासमोर धरायचे. बाजू सपाट नसली तर मधून उजेड दिसतो. मयूरच्या तुकड्यातून मला बाकावरून उजेड दिसला. सर पुढं गेले. रेश्माचा धरला तर मधून काहीच दिसेना. त्यांनी उलटसुलट करून पाहिला, मग दार उघडून बाहेर आले आणि विचारलं, “यार मगळरी ईकी?” कुणाची मुलगी ही. मी उभी राहिले आणि म्हणाले, “नम्म मनी हुडगीरी.” आमच्या घरची. त्यांना वाटलं मीच आई. ते म्हणाले, बाई, हात आधीच शिकलाय, आता डोकं शिकवायचं आमच्याकडे राहिलं. मी हसून मान डोलावली. बसस्टॉपपर्यंत ती शाबासकी मी माझ्याजवळच ठेवली. मग मयूरचा चेहरा बघितला आणि मला ती टोचायला लागली.

आणखी एक सांगते, हे मी ह्यांनाही सांगितलेलं नाही. आम्ही निघताना आतल्या शेडमध्ये एक मुलगी यंत्रावर काम करत होती. निळा कोट, केस टोपीत खोचलेले, डोळ्यांवर जाड चष्मा. तिच्या हाताखालून लोखंडाची कुरळी पट्टी अशी सुटत होती जशी किसणीतून गाजर. तिनं यंत्र बंद केलं, माप घेतलं, वहीत आकडा लिहिला आणि पुन्हा चालू केलं. कुणी तिला सांगत नव्हतं, कुणाला ती विचारत नव्हती. मी तिथं किती वेळ उभी राहिले कुणास ठाऊक, मयूरनं हाक मारली तेव्हा भानावर आले. मला मॅट्रिकला बासष्ट टक्के होते, अर्चना, गणितात ब्याऐंशी. टायपिंगच्या क्लासला जाते म्हटलं तर वडील म्हणाले, टकटक करून काय मिळणार. त्या दिवशी बसमध्ये रेश्मा माझ्या शेजारी बसली होती, नखातली काळी घाण दुसऱ्या नखानं काढत होती आणि मी तिच्या हातांकडे बघत होते. मयूर हरला म्हणून ती मला नकोशी झाली, असं मी स्वतःला समजावलं. खरं तर मी माझ्यासाठीच जळत होते. त्रेपन्नाव्या वर्षी, एकोणीस वर्षांच्या पोरीवर.

आठ दिवसांनी यादी लागली. चाळीस जागा. रेश्मा तिसरी. मयूर चाळिसात नाही, खाली वेगळी यादी होती, जागा रिकामी झाली तर बोलवायची, त्यात दुसरा. तू फोनवर किती जपून सांगितलंस! ‘अक्का, मयूरचंही होईल हो,’ असं तीनदा म्हणालीस. तुझ्या त्या जपण्यानं मला जास्त राग आला. तू नाचली असतीस तर मी तुला नावं ठेवून मोकळी झाले असते.

मग भाऊजींचा जीव घाबरा झाला. चाळिसात तीन मुली, फिरती यंत्रं, केस अडकला तर, बोट गेलं तर, उद्या स्थळं येतील ती काय म्हणतील. तू समजावलंस, रेश्मानं समजावलं, शेवटी ते म्हणाले, देवीला विचारू, ती जे म्हणेल त्याच्याबाहेर मी नाही. तुम्ही तिघं त्या मंगळवारी आमच्याकडे आलात. तू अबोलीचा गजरा आणला होतास, रेश्मानं कळ्या निवडून दिल्या, सारख्या मापाच्या, सारख्या वजनाच्या, तराजूवाल्याची मुलगी ती. मी दार लोटून घेतलं. तुम्ही बाहेर किती वेळ बसला होता, आठवतं? तासावर. ह्यांनी दोनदा चहा करून पाजला, एरवी स्वतःचा कप विसळत नाहीत. मी बाहेर आले तेव्हा रेश्मा उठून उभी राहिली. मी तिच्याकडे न बघता भाऊजींकडे बघितलं आणि सांगितलं, देवीनं डावा दिला.

तू ‘बरं’ म्हणालीस. फक्त बरं. मग वाकून पाया पडलीस, आधी देवीच्या, मग माझ्या. रेश्मानं कप गोळा केले, विसळले, पालथे घातले आणि चपला घातल्या. भाऊजींना मनातून सुटल्यासारखं झालं असावं, ते ह्यांच्याशी दुकानाचं बोलत जिना उतरले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सेंटरमध्ये फोन करून आम्ही येत नाही असं कळवलंही. तुम्ही एवढ्या लवकर कळवाल असं मला वाटलं नव्हतं. का वाटलं नव्हतं, काय की. देवीच्या शब्दावर तुमचं घर एका रात्रीत वळतं, हे मीच तर तुम्हाला शिकवलं होतं.

त्यानंतरचं तुला थोडंच माहीत आहे. शेजारच्या शकुंतलाबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी कौल लावायला आल्या, मी त्यांना खांदा दुखतोय म्हणून परत पाठवलं. सुमंतमामांचा धारवाडहून फोन आला, त्यांनाही पुढच्या महिन्यावर टाकलं. पूजा रोज करते, फुलं पायाशीच वाहते. आणि गेल्या रविवारी रेश्मा इथं आली होती. तू माझ्या बिघडलेल्या मिक्सरसाठी पाठवलंस तिला. देवघरासमोर जमिनीवर बसून तिनं तो उघडला, आतली घाण पुसली, कुठलीशी तार घट्ट केली, लावून बघितला. चालला. मी तिला बेसनाचा लाडू दिला. तो हातात तसाच धरून ती म्हणाली, “मोठी आई, देवीनं नको म्हटलं तर नको. पण मला जमणार नाही, हे तिला कुठं दिसलं असेल?” रागानं नाही विचारलं तिनं. भांडणासाठीही नाही. पकडीतला तुकडा चाचपावा तसं विचारलं, कुठली बाजू उंच राहिली ते कळावं म्हणून. मी म्हटलं, देवीच्या मनातलं आपल्याला काय कळणार. ती हो म्हणाली. दारात जाऊन म्हणाली, दुर्गदबैलातल्या साडीच्या दुकानात पहिल्या तारखेपासून जायचं ठरलंय, फॉल-बिडिंग शिकून घेईन. मग लाडू खाल्ला आणि गेली.

आणि काल सकाळी सेंटरमधून फोन आला. एक जागा रिकामी झालीय, खालच्या यादीतला पहिला मुलगा दुसरीकडे गेला, म्हणून मयूरला येता येईल का. अर्चना, दीड वर्षानंतर माझा मुलगा अंथरुणातून उडी मारून उठला. दाढी केली. स्वतःचे बूट स्वतः पुसले. दुपारी जेवताना आमटी छान झालीय म्हणाला, मागून घेतली. संध्याकाळी मी बघितलं तर मागच्या गॅलरीत विटेचा तुकडा आणि भाऊजींनी कधीतरी इथं विसरलेली जुनी कानस घेऊन तो घासत बसला होता, जाताना दाबत, येताना उचलत. तिनं कसं केलं ते त्यानं पाहून ठेवलं होतं तर. मी गॅलरीच्या दारातून त्याच्याकडे बघत उभी राहिले. हेच मागत होते की मी देवीपाशी इतके दिवस. आणि मला ते बघवेना. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

म्हणून आज सकाळी मी मंडईला जाते सांगून गोकुळ रोडची बस धरली. महादेव सरांना भेटले. त्यांना विचारलं, ज्या मुलीनं नको म्हटलंय ती परत आली तर? ते म्हणाले, नियमानं शनिवारी पाचपर्यंत यादीतलं नाव पक्कं. मुलगी स्वतः कागद घेऊन आली तर जागा तिचीच, खालच्याला थांबावं लागेल. दोनदा विचारून खात्री केली. शाळा सोडल्याचा दाखला, प्यूसीचं मार्ककार्ड, आधार, चार फोटो. फोटो निळ्या पार्श्वभूमीवरचे नकोत, पांढऱ्या. पुढं सहा महिन्यांनी दुसरी तुकडी आहे, तिची परीक्षा मयूरला पुन्हा देता येईल, तेही विचारलं. मयूरला मी हे संध्याकाळी सांगणार आहे, माझ्या तोंडानं, त्याच्यासमोर बसून. तो मला काय म्हणेल ते मी ऐकून घेईन. तू त्याच्यासाठी मध्ये पडू नकोस, एवढं कर. तुझा गोडवा ह्या वेळी नको.

आता भाऊजींना समोर बसव आणि हे मोठ्यानं वाच. त्या मंगळवारी मी दार लोटलं, दोन्ही खांद्यांवर कळ्या लावल्या, हात जोडले आणि म्हटलं, आई, आपल्या रेश्माला. एवढंच म्हटलं होतं मी. पुढचं वाक्य अजून तोंडात होतं. उजवी कळी पडली. माझ्या मुलासाठी मला दोन तास बसवणाऱ्या देवीनं तुझ्या मुलीचा प्रश्नसुद्धा पुरता ऐकून घेतला नाही, आधीच हो म्हणाली. तिच्या एवढ्या घाईचा मला मत्सर झाला, अर्चना. माणसाचा होतो तसा, देवीचा. तुम्ही बाहेर तासभर बसला होता तेव्हा आत कौल केव्हाच होऊन गेला होता. मी जमिनीवर पडलेल्या त्या कळीकडे बघत होते आणि डावी अजून खांद्यावर तशीच चिकटलेली होती. ती पडेल म्हणून मी वाट बघितली. पडली नाही. शेवटी मी ती बोटानं काढली, पदराच्या टोकाला बांधली आणि बाहेर येऊन खोटं बोलले. रेश्माला सांग, देवीला तिची कुठलीच बाजू उंच दिसली नाही. नकार माझा होता. आता पुन्हा कौल लावायला इथं येऊ नका, मी लावणार नाही, आणि त्याची गरजही नाही. शुक्रवारी कागद गोळा करा, शनिवारी दहालाच तिला घेऊन जा, पाचची वाट बघू नका.

तू अक्का म्हणशील की नाही ते ठाऊक नाही, तरी
तुझीच,
सुलभा